ओसरीवरून : आधी मोडते ते मनाचे घर

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. आमच्या सूनबाई सकाळच्या प्रहरी मुलुंड स्थानकाकडून भाजी घेऊन परत येत होत्या. रेल्वेच्या पुलाच्या जिन्याखाली आडोशास एक मनुष्य बरेच दिवस बसलेला असे. दाढीजटा वाढलेल्या, अंगावर एकावर एक दोन सदरे, पाय अनवाणी आणि उराशी सुतळीने बांधलेले जुन्या कागदांचे गाठोडे, असे त्याचे ध्यान. सूनबाईंनी त्या दिवशी पिशवीतील दोन केळी काढून त्याच्यापुढे धरली. त्याने ती हातात घेतली नाहीत. मान वर करून तो अगदी स्वच्छ मराठीत म्हणाला, "ठेवा वहिनी. अजून स्नान व्हायचे आहे."

सूनबाई घरी आल्या त्या पिशवी हातात तशीच घेऊन आमच्या खुर्चीपाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मामंजी, तो कोणाच्या तरी घरचा आहे हो!"

ते वाक्य आमच्या मनास चटका लावून गेले. परंतु थोड्या वेळाने आम्हांस आपलीच लाज वाटली. तो मनुष्य आपल्यासारखे बोलला, स्नानावाचून खाणार नाही म्हणाला, म्हणून आपणांस तो कोणाच्या तरी घरचा वाटला. तो परक्या भाषेत पुटपुटला असता, किंवा मुळीच बोलला नसता, तर तो कोणाच्या घरचा नव्हता काय? आकाशातून पडलेला मनुष्य आजवर कोणी पाहिला आहे? प्रत्येकास आई होती, प्रत्येकाचे बारसे झाले होते, प्रत्येकाच्या नावाने कोणीतरी एकदा तरी हाक मारली होती. तेव्हा 'याचे घर कोठे गेले?' हा प्रश्न अशा प्रत्येक माणसाविषयी विचारावयास हवा. त्या प्रश्नाचे उत्तर शोधावे, हाच आजच्या लेखाचा हेतू होय.

आरंभीच एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. पदपथावर राहणारा प्रत्येक मनुष्य मनाने बिघडलेला असतो, असे मुळीच नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर म्हणून मोजली गेली, आणि बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, मोठ्या नळांत, देवळांत, फलाटांवर राहणारी ही माणसे. यांत मोलमजुरी करून पोटास मिळविणारी आणि चूल मांडून मुलांबाळांसह संसार करणारी कुटुंबेही पुष्कळ असतात. त्यांस भाड्याची खोली परवडत नाही, एवढाच त्यांचा दोष. आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ती माणसे निराळी. ती एकेकटी असतात. ती भीक मागत नाहीत, रागावत नाहीत, कित्येकदा अन्नाकडेही पाहत नाहीत. त्यांच्या डोक्यावरचे छप्पर मागाहून गेलेले असते. मनातील घर त्याच्या कितीतरी आधी मोडून पडलेले असते.

आमच्या पूर्वजांस हे ठाऊक नव्हते असे नाही. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान बहुतेक घरांतील वडील मंडळींस ठाऊक असेल. हंसाचा दौत्यप्रसंग आणि स्वयंवर सर्वांच्या लक्षात राहते. परंतु त्यापुढील एक प्रसंग क्वचितच कोणी सांगतो. नळाने वनात सोडून दिल्यावर विदर्भाची ती राजकन्या एकावर एक संकटे सोसत फिरते. अजगर, व्याध आणि शेवटी ज्या सार्थाबरोबर ती निघाली त्या सार्थावरच रानटी हत्तींचा हल्ला. जे वाचले त्यांनी तिलाच अवलक्षणी ठरविले. अशा स्थितीत ती चेदिनगरीत शिरते, तेव्हा तिच्या अंगावर अर्धे वस्त्र, केस मोकळे, सर्वांग मळलेले. आणि गावची पोरे ही वेडी कोण म्हणून तिच्यामागून चाललेली. दमयंतीच्या मागे हुर्यो करीत जाणारी पोरे! शाळेत आम्ही हे कथानक अनेक वर्षे शिकविले. परंतु या ओळींपाशी आम्ही कधी थांबलो नाही, हे आज कबूल केले पाहिजे.

तेथे राजमाता प्रासादाच्या गच्चीवर उभी होती. तिने ती गर्दी पाहिली आणि आपल्या दाईस खाली पाठवून त्या स्त्रीस वर आणविले. दमयंती आश्रयास राहिली, परंतु आपल्या अटी सांगून: मी कोणाचे उष्टे खाणार नाही, कोणाचे पाय धुणार नाही. राजमातेने त्या अटी मान्य केल्या. पुढे विदर्भाहून शोधास निघालेल्या सुदेव नावाच्या ब्राह्मणाने तिला ओळखले. तिच्या कपाळीचा मळ धुतल्यावर भुवयांमध्ये जन्मतःचा तीळ दिसला, आणि राजमातेस कळले की आपण जिला वेडी म्हणून वर आणविले ती आपल्या सख्ख्या बहिणीची मुलगी. पूर्वी ओळख पटली आणि मग आश्रय दिला, असे तेथे झाले नाही. आश्रय दिला म्हणून ओळख पटली. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आता मनाचे घर मोडते म्हणजे काय, ते पाहू. चरकाचार्यांनी उन्मादाची कारणे सांगताना आहार-विहाराच्या दोषांबरोबर मनावरील आघातही सांगितला आहे. प्रिय वस्तूच्या नाशाने ज्याचे मन दुखावले त्यास सांत्वनाने आणि आश्वासनाने शांत करावे, असा उपायही तेथे आहे. त्याच प्रकरणात रोग्यास भय दाखविण्याचे, बांधून ठेवण्याचे कठोर उपायही आहेत; ते आज कोणीही शहाणा वैद्य करणार नाही. जुन्यातील जे चांगले ते घ्यावे आणि जे टाकण्याजोगे ते टाकावे, एवढाच विवेक. पाश्चात्त्य देशांत या गोष्टीकडे लक्ष गेले ते पहिल्या महायुद्धात. खंदकांतून परत आलेले धडधाकट शिपाई थरथर कापू लागले, त्यांची वाचा गेली, झोप गेली. तेव्हा १९१५ च्या सुमारास त्यास तोफगोळ्यांचा धक्का असे नाव पडले. व्हिएतनामच्या युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी आघातोत्तर मनोविकारास आपल्या ग्रंथात स्वतंत्र स्थान दिले.

या विकाराची तऱ्हा अशी की, प्रसंग घडून जातो, परंतु शरीरास तो संपला असे वाटत नाही. ते पहाऱ्यावर बसल्यासारखे सदा जागे राहते. दार वाजले तरी छाती धडधडते. डोळा लागला की तोच प्रसंग पुन्हा समोर उभा राहतो, म्हणून मनुष्य झोपेलाच भिऊ लागतो. ज्या रस्त्याने, ज्या खोलीत, ज्या माणसांमुळे आठवण जागी होते ते सर्व तो टाळू लागतो. आणि घर हे तर आठवणींनीच भरलेले असते. कामावर लक्ष लागत नाही, म्हणून काम सुटते. काम सुटले म्हणून बोलणी बसतात. कोणी दारूच्या आहारी जातो, कोणी अगदी मुका होतो. एके दिवशी घराबाहेर पडणे हे त्यास घरात राहण्यापेक्षा सोपे वाटते. स्किझोफ्रेनियासारख्या काही आजारांचे मूळ मेंदूत आणि अंशतः आनुवंशिकतेतही असते. केवळ धक्क्याने ते होतात असे म्हणणे बरोबर नाही. परंतु ज्याचे मन आधीच नाजूक आहे त्याच्यावर मोठा आघात झाला तर तोल जाण्यास तो निमित्त होतो, हे डॉक्टर मंडळी मान्य करतात.

आणि एकदा रस्त्यावर आल्यावर दुष्टचक्र पुरे होते. रात्री कोणी चप्पल चोरतो, कोणी लाथ मारून उठवितो, पावसात अंग भिजते, कुत्री अंगावर येतात. स्त्री असेल तर तिच्यावर काय काय प्रसंग ओढवतात ते येथे लिहवत नाही. सलग झोप नाही, औषध नाही, नावाने हाक मारणारे कोणी नाही. ज्या धक्क्याने मनुष्य घराबाहेर पडला, त्यापेक्षा मोठे धक्के त्यास रस्त्यावर रोज बसतात. मूळचे दुःख कोणते आणि मागाहूनचे कोणते, हे पुढे त्याचे त्यालाही उमगत नाही.

येथे एक शंका निघेल. घर जाण्याचा धक्का तर पुष्कळांस बसला. मग सर्वच जण असे का झाले नाहीत? आमच्या मुलुंडचेच उदाहरण घेऊ. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी येथे छावणी वसली. त्या भागास अजूनही मुलुंड कॉलनी म्हणतात. वाडे, दुकाने, जमिनी सर्व काही टाकून ती माणसे आली. त्यांनी काय पाहिले होते ते त्यांतील वृद्ध मंडळी कधी पुरते बोललीच नाहीत. त्यांच्या मनांवरही ओरखडे उठले असतीलच. तथापि छावणीत शेजारी आपल्याच भाषेचा होता, सणवार एकत्र होत होते, रडावयास कोणाचा तरी खांदा होता. घर गेले, परंतु घरचे म्हणणारे कोणी उरले होते. त्यांनी पुन्हा दुकाने काढली, शाळा काढल्या, मुले शिकविली. यावरून आम्हांस असे वाटते की, भिंती गेल्याने मनुष्य जितका बेघर होतो, त्याहून 'आपले' म्हणणारे कोणी न उरल्याने अधिक होतो. आणि सर्वांत वाईट गती कोणाची, तर ज्याच्या भिंती जागच्या जागी उभ्या आहेत, माणसेही जिवंत आहेत, परंतु ज्याचे त्या घरातील स्थान नाहीसे झाले आहे, त्याची.

ही शेवटची गोष्ट आम्ही ऐकून लिहीत नाही. आमच्याच घरातील हा वृत्तान्त आहे. चाळीस वर्षे आम्ही तो कोणापाशी बोललो नाही. परंतु या विषयावर लिहावयाचे आणि तो झाकून ठेवावयाचा, हे ढोंग ठरेल.

आमचे धाकटे काका लालबागेकडील एका गिरणीच्या कचेरीत कारकून होते. अक्षर मोत्यासारखे, आवाज मोकळा. गणपतीत आरतीस त्यांच्यावाचून रंग चढत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि कित्येक गिरण्या पुढे पूर्ववत चालू झाल्याच नाहीत. काकांची गिरणी त्यांतीलच एक. त्याच वर्षी पावसाळ्यात काकू तापाने गेल्या. मूलबाळ नव्हते. काकांनी लोकांपुढे डोळ्यांतून पाणी काढले नाही. सर्वांनी त्यांच्या धीराचे कौतुक केले. पुढे त्यांचे बोलणे कमी झाले. रात्री ते जागे असत. पहाटे गिरणीच्या भोंग्याच्या वेळेस उठून, धुतलेला सदरा घालून, रिकामा डबा हातात घेऊन दाराशी उभे राहत. घरातील मुले हसत. मोठी माणसे प्रथम समजावीत, मग कंटाळत, मग रागावत. 'धडधाकट मनुष्य, नुसता बसून खातो' हे वाक्य आमच्या घरात उच्चारले गेले आहे, आणि ते त्यांच्या कानांवर पडले आहे. बहिणीस पाहावयास मंडळी आली, तेव्हा काकांना माडीवरच्या खोलीत बसविले होते.

१९८४ च्या श्रावणात एके सकाळी ते डबा घेऊन बाहेर पडले. आम्ही तेव्हा नुकतेच शिक्षकाच्या नोकरीस लागलो होतो. शाळेच्या वाटेवर असताना आम्हांस ते समोरच्या बाजूने स्थानकाकडे जाताना दिसले. हाक मारावी असे मनात आले. पहिल्या तासास उशीर होईल, असेही मनात आले. आम्ही हाक मारली नाही.

ते परत आले नाहीत. पोलिसांत वर्दी दिली, वर्तमानपत्रात एकदा फोटो छापला, दोन ठिकाणी कौल लावला. मग घरातील दुसऱ्या मुलींची लग्ने निघाली. घरात वेड आहे असे कळले तर स्थळे मोडतील, म्हणून 'धाकटे काका हिमालयाकडे गेले' असे सांगण्याचे ठरले. काही वर्षांनी ते आम्हांसही खरे वाटू लागले. त्यांस घरातून कोणी घालविले नाही, हे खरे. परंतु थांबा असेही कोणी म्हटले नाही. आमच्या आजीने मात्र त्या दिवसापासून बाहेरच्या दाराची आतली कडी कधी लावू दिली नाही. चोर आला तर काय, म्हणून वडील रागावत. ती म्हणे, "चोराला कडी काढता येते. त्याला नाही यायची." ती १९९१ मध्ये गेली. त्या रात्री कोणीतरी दारास कडी लावली.

वाचकहो, हे लिहिले ते दुःखाचे प्रदर्शन मांडावे म्हणून नव्हे. अशा मनुष्यास पुन्हा घरी आणता येते, आणि आणणारी माणसे आपल्याच उपनगरात आहेत, हे आम्हांस फार उशिरा कळले; ते इतरांस वेळेवर कळावे, एवढीच इच्छा.

बोरिवलीत डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता वाटवानी हे मानसोपचारतज्ज्ञ दांपत्य. १९८८ मधील गोष्ट सांगतात ती अशी. दोघे एका उपाहारगृहात बसले असता त्यांना समोर रस्त्यावर एक तरुण दिसला. हाडांचा सापळा, कपड्यांची लक्तरे, आणि तो नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पीत होता. हजारो लोक त्या रस्त्याने गेले असतील. ही दोघे उठून खाली गेली आणि त्या तरुणास आपल्या रुग्णालयात घेऊन आली. त्यास न्हाऊ घातले, जेवू घातले, औषधे सुरू केली. तो बोलू लागला तेव्हा कळले की, तो आंध्र प्रदेशातील एक पदवीधर असून वैद्यकीय प्रयोगशाळेतील कामाचेही शिक्षण त्याने घेतलेले आहे. वडिलांस कळविले; ते येऊन मुलाला घरी घेऊन गेले. चेदीच्या राजमातेची गच्ची आणि बोरिवलीचे उपाहारगृह यांत आम्हांस काही अंतर दिसत नाही. तीळ मळाखाली होता; मळ धुतल्यावर दिसला.

त्यातूनच श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन ही संस्था निघाली. आरंभी दोन खोल्या आणि एका वेळी तीन रुग्ण. १९९७ मध्ये दहिसर येथे वीस खाटांची जागा झाली. तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी वेडे आमच्या शेजारी नकोत म्हणून विरोध केला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. हे रहिवासी कोणी दुष्ट नव्हते. तुमच्या-आमच्यासारखेच सुशिक्षित, हप्ते फेडून घर घेतलेले लोक होते. २००६ मध्ये कर्जतजवळ १२० रुग्णांची सोय असलेले मोठे केंद्र उभे राहिले. २०१८ मध्ये डॉ. वाटवानी यांस रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोपर्यंत ७ हजारांहून अधिक माणसांस या संस्थेने रस्त्यावरून उचलून उपचार केले होते, आणि बहुतेकांस त्यांच्या घरी, कित्येकांस दूरदूरच्या राज्यांत, पोहोचविले होते.

दूरदूरची राज्ये का, हेही समजून घेण्याजोगे आहे. मनाचा तोल गेलेला मनुष्य जी गाडी समोर उभी असेल तीत चढतो आणि गाडी जेथे थांबेल तेथे उतरतो. कुर्ला, वांद्रे यांसारख्या अखेरच्या स्थानकांवर देशभरातील गाड्या येऊन संपतात. म्हणून बंगालचा मुलगा बोरिवलीच्या फलाटावर सापडतो, आणि आपल्या कोकणातला मुलगा कदाचित कोठे बिहारात फिरत असतो. येथे आपण ज्याच्याकडे पाठ फिरवितो तो परमुलखातील कोणाचा तरी धाकटा काका असतो. आणि आपल्या काकांकडे तेथील कोणी तरी तशीच पाठ फिरवीत असतो.

केवळ छप्पर देऊन भागते काय, आणि केवळ औषध देऊन भागते काय, असा वाद विद्वानांत आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क येथे १९९२ पासून एका संस्थेने निराळी रीत चालू केली: आधी मनुष्यास किल्लीसह खोली द्यावयाची, त्यासाठी 'आधी सुधारून दाखव' अशी अट घालावयाची नाही, आणि मग उपचार. कॅनडाने २००९ पासून पाच शहरांत, २ हजारांहून अधिक बेघर मनोरुग्णांवर हीच रीत तपासून पाहिली. ज्यांस अशी खोली मिळाली ते इतरांपेक्षा खूपच अधिक काळ घरात टिकून राहिले. आपल्याकडे इतक्या खोल्या आणावयाच्या कोठून, हा प्रश्न खराच. परंतु आपल्याकडे अजून कुटुंब नावाची वस्तू शिल्लक आहे. म्हणून येथे औषध, ओळख आणि घरी परत पोहोचविणे हा मार्ग अधिक लागू पडतो. मात्र ज्या घरी पोहोचवावयाचे त्या घराने दार उघडले पाहिजे.

कायदाही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेड हा शब्द होता. आता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. तो २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या शंभराव्या कलमाने, आपल्या हद्दीत भटकणाऱ्या आणि मनाने आजारी वाटणाऱ्या मनुष्यास संरक्षणाखाली घेणे हे पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरविले आहे. त्यास कोठडीत ठेवावयाचे नाही. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी न्यावयाचे, आणि त्याच्या घरच्यांचा शोध घ्यावयाचा. ठाण्याचे मनोरुग्णालय तर १९०१ पासून येथून जवळच आहे.

तर आता जिन्याखालील त्या गृहस्थांकडे वळू. सूनबाईंचे ऐकून आमचे चिरंजीव त्याच सायंकाळी पोलीस ठाण्यात गेले. तेथील अंमलदार आधी म्हणाले, तो कोणास त्रास देत नाही, बसू द्या. चिरंजिवांनी शंभरावे कलम काढून त्यांच्यापुढे ठेवले. दुसऱ्या दिवशी दोन शिपाई गाडी घेऊन आले. गृहस्थ उठावयास तयार नव्हते; गाठोडे हातचे जाईल अशी त्यांस धास्ती होती. त्यांतील एका शिपायाने, "काका, गाठोडे तुमच्यापाशीच राहील," असे दोनदा सांगितले आणि ते शांतपणे गाडीत बसले. कायद्याच्या कलमाइतकेच त्या 'काका' शब्दाने काम केले, असे आम्हांस वाटते.

महिन्याने चौकशी केली तेव्हा कळले की, औषधांनी त्यांस झोप लागू लागली आहे, ते स्वतः स्नान करतात आणि आपल्या तालुक्याचे नाव सांगतात. गाठोड्यात विजेची जुनी बिले निघाली, सर्व एकाच पत्त्यावरची, तारखेने लावलेली. त्या पत्त्यावरील चाळ पाडून आता तेथे उंच इमारत झाली आहे. जुन्या भाडेकरूंचा शोध चालू आहे. भिंती गेल्या, तरी त्या मनुष्याने आपले घर इतकी वर्षे सुतळीने बांधून उराशी धरले होते. त्यास आम्ही कागदांचा कचरा समजत होतो.

आता वाचकांस, विशेषतः एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्या मंडळींस, चार गोष्टी सांगून लेख पुरा करितो. घरात मृत्यू, अपघात, नोकरी सुटणे, लग्न मोडणे असे काही घडले आणि कोणी फारच धीराने वागू लागले, तर त्या धीराचे कौतुक करून मोकळे होऊ नये. त्याच्याशेजारी बसावे. ज्याची झोप महिनाभर उडाली आहे त्यास नवस, अंगारे यांच्याआधी डॉक्टरांकडे न्यावे. आणि मधुमेहाचे औषध जसे आपण चारचौघांत सांगून घेतो तसे हेही घ्यावे. कोणाशी बोलावे हे सुचत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस सेवा आहे; २०२२ पासून ती चालू असून तेथे मराठीत बोलता येते. जो घरातून जातो त्याची वर्दी त्याच दिवशी द्यावी, फोटो आणि खुणा सांगाव्यात, आणि लोकलज्जेस्तव शोध थांबवू नये. रस्त्यावर असा कोणी आढळल्यास ११२ वर पोलिसांस कळवावे. नुसती केळी ठेवून निघून जाणे पुरेसे नाही. जो उपचार घेऊन परत आला आहे त्यास पाहुण्यांपुढे आत बसवू नये. औषध मध्येच सोडले तर आजार उलटतो, म्हणून गोळ्यांचा हिशेब घरातील एकाने ठेवावा. परंतु त्याहून महत्त्वाचे असे की, घरातील काही तरी काम, मग ते देवपूजेची फुले काढण्याचे का असेना, त्याच्याकडे असावे. मनुष्यास घरात जागा असते ती अशा कामाने.

आणि ज्या घरात मुलीच्या लग्नासाठी कोणी काका हिमालयात पाठविलेले असतील, त्या घराने निदान आपल्या नातवंडांस तरी खरे सांगावे. आम्ही या मार्गशीर्षात सांगितले. धाकट्या नातवाने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "मग तुम्ही त्यांना हाक का नाही मारली?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी चिरंजिवांबरोबर आम्हीही त्या जिन्यापाशी गेलो होतो, ते त्या प्रश्नामुळे.